ड्रॉइंग बदलले, वेंडरला कधी कळले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा आणि बिडकीन येथे येऊ घातलेल्या मोठ्या कारखान्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात सातत्याने येत असतात, आणि मराठवाड्यातल्या कोणाही उद्योजकाला त्या वाचून बरे वाटावे हे साहजिकच आहे. जमीन, पाणी, वीज आणि रोजगार यांची चर्चा या बातम्यांत सविस्तर असते. परंतु त्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यापर्यंत, म्हणजे वेंडरपर्यंत, त्या भागाचे ड्रॉइंग कसे पोहोचते, आणि ते बदलले तर कधी पोहोचते, याविषयी कोणी फारसे बोलत नाही. वाळूज औद्योगिक वसाहतीत गेली बावीस वर्षे मी ॲल्युमिनियमचे डाय-कास्टिंग (वितळलेला धातू पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबाने भरून भाग बनवणे) आणि मशीनिंग करतो, आणि माझे पत्र या एवढ्याच मुद्द्यापुरते आहे.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या सणानंतरच्या आठवड्यात आम्ही पाठवलेले १,२०० ब्रॅकेट गिऱ्हाइकाच्या दारातून परत आले. त्या भागावरचे एक भोक दीड मिलिमीटर सरकवण्यात आले होते. बदललेले ड्रॉइंग आमच्याकडे रीतसर मेलने आले होते, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. मात्र ते ज्या मुलाच्या नावे आले तो सणासाठी गावी गेलेला होता, आणि मेलचा विषय आधीच्या अकरा मेलसारखाच असल्याने परतल्यावरही त्याने तो उघडून पाहिला नाही. मशीनशेजारी लॅमिनेट केलेली जुनी प्रिंट हुकाला टांगलेली होती. कूलंटच्या डागांखाली उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘रिव्हिजन सी’, म्हणजे ड्रॉइंगची आधीची आवृत्ती, असे लिहिलेले होते आणि ऑपरेटरने इमानेइतबारे त्याप्रमाणेच काम केले. तपासणीचा गेजदेखील जुन्याच ड्रॉइंगवरून बनवलेला असल्यामुळे १,२०० पैकी एकही नग क्वालिटीच्या टेबलावर अडला नाही. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवता आले, पण मशीनचे तास, दोन फेऱ्यांचे गाडीभाडे आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या त्या महिन्याच्या रेटिंगमध्ये गेलेले गुण परत मिळाले नाहीत. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकानुसार गिऱ्हाइकाकडून आलेल्या बदलाचा आढावा दहा कामकाजी दिवसांत घेतला जावा अशी अपेक्षा आहे, आणि त्या मानकाचे प्रमाणपत्र आमच्या स्वागतकक्षात चौकटीत लावलेले आहे. तो मेल मात्र चौदा दिवस तसाच पडून होता.

चूक आमची होती, यात वाद नाही. परंतु त्यानंतर चौकशी केली तेव्हा कळले की गिऱ्हाइकाच्या डिझाइन विभागात हा बदल प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट, म्हणजे बोलीत पीएलएम, या प्रणालीत पद्धतशीर नोंदवलेला होता. कोणी सुचवला, कोणी मंजूर केला, कोणत्या तारखेपासून लागू करायचा आणि जुना साठा वापरून संपवायचा की बाजूला काढायचा, हे सगळे तिथे होते. ही सगळी शिस्त कंपनीच्या फाटकापर्यंत व्यवस्थित चालत आली आणि फाटकाबाहेर पडताना तिची एक पीडीएफ झाली. त्या पीडीएफला मंजुरीची कहाणी माहीत नव्हती, लागू होण्याची तारीख माहीत नव्हती आणि आपण उघडलो गेलो की नाही हेही तिला सांगता येत नव्हते.

पीएलएम म्हणजे आणखी एक महागडे ईआरपी, असा आपल्याकडे सर्रास समज आहे, म्हणून दोन वाक्यांत फरक सांगतो. गोदामात किती बोल्ट आहेत, ते कोणत्या भावाने घेतले आणि कोणाचे बिल बाकी आहे हे ईआरपी सांगते; तो बोल्ट कसा असावा, तो कोणकोणत्या जोडणीत बसतो, त्याचे ड्रॉइंग आज कोणत्या रिव्हिजनला आहे आणि तो बदलला तर आणखी कशाकशाला धक्का लागेल, हे पीएलएम सांगते. याच प्रणालीत गिऱ्हाईक, पुरवठादार, टूल रूम (डाय बनवणारा आणि दुरुस्त करणारा विभाग) आणि क्वालिटीवाले आपापल्या अधिकारानुसार एकाच नोंदीवर काम करू लागले की तिला सहयोगी पीएलएम म्हणतात. माझ्या मते कारखानदाराच्या खऱ्या फायद्याला तिथूनच सुरुवात होते.

ड्रॉइंगची ताजी प्रत हाती येणे हा त्यातला सर्वांना दिसणारा फायदा आहे, पण सर्वांत मोठा नव्हे. वस्तूचा बराचसा खर्च ती यंत्रावर चढण्याआधी, डिझाइनरच्या टेबलावरच ठरून गेलेला असतो. पुण्यात बसलेल्या एखाद्या तरुण डिझाइनरने भागाच्या आतल्या कोपऱ्याला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई दिली, तर संगणकावर तो कोपरा सुरेख दिसतो. परंतु डायच्या त्याच अणकुचीदार कडेला प्रत्येक शॉटबरोबर, म्हणजे धातू आत भरण्याच्या प्रत्येक खेपेबरोबर, तापण्या-निवण्याचा ताण बसतो आणि तिथूनच डायला तडे जायला लागतात. ती गोलाई दीड मिलिमीटर केली असती तर भागाच्या कामात काही बिघडले नसते आणि डाय कितीतरी जास्त चालली असती. आमच्या टूल रूममधले मिस्त्री भागाचे संगणकावरचे मॉडेल पाहताक्षणी हे सांगतात. अडचण अशी, की ते मॉडेल त्यांच्यासमोर येते तेव्हा डिझाइन गोठवलेले असते, चाचण्या झालेल्या असतात आणि बदल सुचवणे म्हणजे सगळी मंजुरी पुन्हा पहिल्यापासून. सहयोगी प्रणालीत तेच मॉडेल कच्च्या अवस्थेत असताना साध्या ब्राउझरमध्ये उघडता येते, त्यासाठी डिझाइन करण्याच्या महागड्या कॅड सॉफ्टवेअरचे लायसन्स लागत नाही, आणि मिस्त्रींनी त्या कोपऱ्यावर खूण करून लिहिलेली एक ओळ डिझाइनरपर्यंत पोहोचते. त्या एका ओळीने किती वाचते, याचा हिशेब डायच्या दुरुस्तीची बिले भरणाऱ्यालाच कळेल.

दुसरी गोष्ट बदलांच्या लोंढ्याची. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराविषयीचे बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा दुचाकींचे कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, सायलेन्सर बदलले, सेन्सर वाढले आणि त्यांच्याबरोबर ब्रॅकेट, माउंटिंग, हाउसिंग अशा शेकडो लहानसहान भागांची ड्रॉइंगे बदलली. त्या काळात वाळूजमधल्या कोणत्याही वेंडरच्या मेलबॉक्सची अवस्था काय होती, ते शेजाऱ्याला विचारावे. हीच वेळ आता विजेवरच्या वाहनांमुळे पुन्हा आली आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेवरच्या वाहनांच्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट लागणार आहे, म्हणजे ती बॅटरी कुठे, कोणी आणि कशापासून बनवली याची माहिती तिच्यासोबत जोडलेली असावी लागेल. ही माहिती शेवटी आमच्यासारख्यांच्याच नोंदींतून गोळा होणार आहे. आणि त्या नोंदी वहीत, पेन ड्राइव्हवर आणि सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर विखुरलेल्या असतील, तर त्या गोळा करायच्या कोणी?

या बाबतीत मोठेही सुटलेले नाहीत. एअरबस कंपनीच्या ए-३८० या अजस्र विमानात पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या तारा असतात. त्यांची जुळणी जर्मनीतल्या हॅम्बर्ग आणि फ्रान्समधल्या तुलूझ या दोन ठिकाणी विभागलेली होती. दोन्हीकडे एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरात होत्या, आणि एका ठिकाणचे बदल दुसऱ्या ठिकाणी नीट उतरत नव्हते. प्रत्यक्ष विमानात तारा ओढायला घेतल्या तेव्हा त्या अपुऱ्या पडू लागल्या. २००६ मध्ये हे उघड झाले, विमाने ग्राहकांना मिळायला सुमारे दोन वर्षे उशीर झाला आणि नुकसान अब्जावधी युरोंच्या घरात गेले. आमचे दीड मिलिमीटर त्यापुढे किरकोळ आहेत, पण रोग एकच. याउलट, ही सगळी कल्पना मोठ्यांसाठीच आहे असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की पीएलएमच्या आरंभीच्या उदाहरणांत अमेरिकन मोटर्स या मोटार कंपनीचे नाव घेतले जाते. १९८५ च्या सुमारास डेट्रॉइटच्या तीन बड्या कंपन्यांपुढे ती अगदीच लहान होती. पैशांच्या जोरावर स्पर्धा करणे शक्य नसल्यामुळे, ड्रॉइंग आणि बदलांची माहिती सर्वांना एकाच ठिकाणी मिळावी या मार्गाने तिने नव्या जीपचे काम वेगाने उरकण्याचा प्रयत्न केला होता.

मग आमच्याकडे अडते कुठे? पहिली अडचण भीतीची आहे आणि ती दोन्ही बाजूंना आहे. गिऱ्हाइकाला वाटते, आपले मॉडेल वेंडरला खुले केले तर ते उद्या प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर जाईल. वेंडरला वाटते, आपण डायची रचना, धातू ओतण्याच्या वाटा आणि सायकल टाइम (एक नग काढायला लागणारा वेळ) त्या प्रणालीत टाकले, तर पुढच्या वर्षी तीच माहिती घेऊन गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतल्या कारखान्याकडे दोन रुपये कमी दराने जाईल. ही दुसरी भीती निराधार नाही, असे घडलेले मी स्वतः पाहिले आहे. प्रणालीत कोणाला काय दिसावे याचे अधिकार ठरवता येतात, हे खरे. पण ते अधिकार ठरवणार गिऱ्हाईकच. त्यामुळे पुरवठादाराने घातलेली माहिती कोणाच्या मालकीची, हे खरेदीच्या करारातच लिहिलेले असावे, असा आग्रह आपल्या उद्योग संघटनांनी धरला पाहिजे. पहिल्या भीतीबद्दल एवढेच म्हणतो, की आज तेच गोपनीय ड्रॉइंग मोबाइलवर फोटो काढून चिकलठाण्याच्या जॉब-वर्कवाल्याला पाठवले जाते, तेव्हा ती गोपनीयता कुठे असते?

दुसरी अडचण आमच्या घरातली आहे. प्रणाली घेण्याचा विचार सुरू केला तेव्हा आम्ही आमच्या भागांची यादी तपासली. ‘हेक्स बोल्ट ८ बाय २५’, ‘एम ८ बोल्ट लांब’ आणि ‘चेसिस बोल्ट’ अशा तीन नावांनी एकच बोल्ट तीन फडताळांत ठेवलेला निघाला, आणि तिसऱ्या फडताळात तो शिल्लक असताना पहिल्यासाठी नवी ऑर्डर दिलेली होती. असा गोंधळ जसाच्या तसा संगणकात भरला तर त्यातून गोंधळच बाहेर येईल, मग सॉफ्टवेअर कोणत्याही नामांकित कंपनीचे असो. यादी स्वच्छ करायला आम्हांला पाच महिने लागले. विक्रेते हे काम कधी सांगत नाहीत.

तिसरी अडचण खर्चाची. आता ही सॉफ्टवेअरे क्लाउडवर, वापरणाऱ्यांच्या संख्येनुसार भाड्याने मिळतात, त्यामुळे स्वतःचा सर्व्हर घेण्याची गरज उरलेली नाही. तरीही पाच गिऱ्हाइकांच्या पाच वेगवेगळ्या प्रणाल्या असतील, तर तीस-चाळीस माणसांच्या कारखान्याने प्रत्येकीसाठी वेगळा माणूस ठेवायचा का? वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर सामायिक सुविधेच्या विचारावरच उभे आहे. जी यंत्रे एकेकट्याला परवडत नाहीत ती तिथे सर्वांनी मिळून वापरावीत, हा त्यामागचा हेतू. त्याच धर्तीवर सीएमआयए आणि मसिआ या मराठवाड्यातल्या उद्योग संघटनांनी पुढाकार घेऊन लहान पुरवठादारांसाठी सामायिक पीएलएम सेवा आणि ती चालवणारी दोन-चार जाणती माणसे उपलब्ध करून द्यावीत. इंडो-जर्मन टूल रूम या इथल्या प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांचा डायवर हात चांगला बसलेला असतो. त्यांना रिव्हिजन, बदलाची नोंद आणि मंजुरीची साखळी याच प्रणालीवर शिकवली, तर जालना, लातूर, नांदेडच्या कारखान्यांनाही ही माणसे लागतील. आणि बिडकीनला येणाऱ्या कंपन्यांशी आपले सरकार बोलणी करते तेव्हा स्थानिक पुरवठादारांकडून किती टक्के माल घेणार याबरोबरच, त्या पुरवठादारांना तुमच्या प्रणालीत प्रवेश देणार का, हा प्रश्नही विचारला जावा.

आमच्या त्या गिऱ्हाइकाने परत आलेल्या मालानंतर दोन लॉगिन दिले आहेत. एक क्वालिटीच्या मुलीकडे आणि दुसरे टूल रूमच्या मिस्त्रींकडे आहे, आणि बदलाची सूचना दोघांनी ‘पाहिले’ असे नोंदवल्याखेरीज आता बंद होत नाही. मशीनशेजारची लॅमिनेट प्रिंट आम्ही काढून तिथे एक जुना टॅब लावला आहे. ऑपरेटरची तक्रार अशी, की तेलाच्या बोटांनी तो चालत नाही. उरलेल्या चार गिऱ्हाइकांची ड्रॉइंगे अजून मेलवरच येतात.

आपला,
एक लघुउद्योजक,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर

(गिऱ्हाइकांशी चालू व्यवहार असल्याने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)