बाई, तुम्ही शिकवलेली क्रियापदं रोज वॉर्डात कामी येतात

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

मला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, प्रवेश मिळाला तेव्हा घरात आनंदापेक्षा काळजीच जास्त होती. मराठी शाळेतली मुलगी तीन वर्षांचा इंग्रजीतला अभ्यास कसा पेलणार? तुम्ही निवृत्त झाला होतात, तरी रोज संध्याकाळी मला ओट्यावर बसवून शिकवलंत आणि एक रुपयाही घेतला नाहीत. त्याबद्दल तेव्हा तुमच्या पाया पडले होते. आज तुमच्या शिकवण्याबद्दल लिहायचंय, आणि चार लोकांसमोर लिहायचंय.

तुम्ही नियमित, म्हणजे भूतकाळाला नुसतं ‘ईडी’ लागणाऱ्या, क्रियापदांपासून सुरुवात केलीत, ते किती बरं झालं! एरवी सगळीकडे ‘गो, वेन्ट, गॉन’चा तक्ता आधी घोकून घेतात आणि मुलं तिथंच घाबरतात. तुम्ही वहीवर चारच रूपं लिहिलीत: वॉक, वॉक्स, वॉकिंग, वॉक्ट. मग म्हणालात, आपल्याकडे चालतो, चालते, चालतात, चाललो, चालली, चाललं, चालल्या हे सगळं तू न अडखळता बोलतेस. इंग्रजीला तर लिंगाप्रमाणे क्रियापद बदलावंसुद्धा लागत नाही. माझी निम्मी भीती तिथंच गेली. आता वॉर्डातल्या नोट्स लिहिताना दिसतं की आमची रोजची क्रियापदं बहुतेक याच कुळातली आहेत. अ‍ॅडमिटेड, शिफ्टेड, कम्प्लेन्ड, रिफ्यूज्ड, व्हॉमिटेड, चेक्ट, इन्फॉर्म्ड.

शेवटच्या ‘ईडी’चा उच्चार तुम्ही आपल्या वर्णमालेवरून समजावलात. आधी कठोर व्यंजन असेल तर ‘ट’: वॉक्ट, चेक्ट, पुश्ट. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड’: रिफ्यूज्ड, कम्प्लेन्ड, प्लेड. आणि मूळ शब्दाच्या शेवटी ‘टी’ किंवा ‘डी’चाच आवाज असेल तर मध्ये एक स्वर घालून ‘इड’. इतकी सरळ सोय मराठी मुलांच्या तोंडी आधीच असताना ती वर्गात का सांगत नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. स्पेलिंगचंही तसंच. ‘अ‍ॅडमिट’मध्ये जोर शेवटच्या ‘मिट’वर, म्हणून ‘ईडी’ लावताना टी दोनदा. ‘व्हॉमिट’मध्ये जोर पहिल्या ‘व्हॉ’वर, म्हणून एकदाच. हे दोन्ही शब्द मी रोज लिहिते.

पण सगळ्यात मोठं देणं काळांचं. तुम्ही बारा काळांची नावं पाठ करायला सांगितली नाहीत. प्रत्येक वाक्याला प्रश्न विचारायला लावलेत: झालं कधी? संपलं का? अजून चालू आहे का? दुसऱ्या गोष्टीच्या आधी झालं की नंतर? नर्सला हेच प्रश्न पडायला हवेत. ‘कम्प्लेन्ड ऑफ चेस्ट पेन’ लिहिलं तर रुग्णानं तेव्हा तक्रार केली एवढंच कळतं. ‘हॅज बीन कम्प्लेनिंग सिन्स मॉर्निंग’ लिहिलं तर सकाळपासून तो सांगतोच आहे, हे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला आणि डॉक्टरांना वाचताक्षणी समजतं.

‘हॅड’चं महत्त्व तर याहून जास्त. आकडी येणाऱ्या रुग्णाबद्दल ‘व्हेन द कन्व्हल्शन्स स्टार्टेड, ही स्टॉप्ट द टॅब्लेट्स’ असं लिहिलं, तर आकडी सुरू झाल्यावर त्यानं गोळ्या बंद केल्या असा अर्थ निघतो. ‘ही हॅड स्टॉप्ट द टॅब्लेट्स’ लिहिलं, तर गोळ्या आधीच बंद होत्या आणि आकडी बहुधा त्यामुळेच आली, हा धागा डॉक्टरांच्या हाती लागतो. नातेवाईक मराठीत हे सगळं नीट सांगतात, ‘गोळ्या आधीच सोडल्या होत्या हो’ असं. त्यांचं ते ‘होत्या’ इंग्रजीत उतरताना गळून पडू नये, ही जबाबदारी लिहिणारीची.

नकाराचंही सांगते. ‘डिड’नं भूतकाळ उचलला की मूळ क्रियापद मोकळं होतं, म्हणून ‘डिड नॉट व्हॉमिट’. भूतकाळाचं ओझं दोघांनी उचलायचं नाही, हे तुमचं वाक्य मी जसंच्या तसं नव्या मुलींना सांगते.

मागे एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, ‘द डॉक्टर इन्सिस्टेड दॅट ही वॉक डेली’ यात ‘ही’पुढे ‘वॉक्स’ का नाही? मला लगेच तुम्ही शिकवलेले क्रियापदाचे चार अर्थ आठवले: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘वॉक्स’ म्हटलं तर रुग्ण रोज चालतोच असं डॉक्टर ठासून सांगतायत. ‘वॉक’ म्हटलं तर त्यानं चालावं असा त्यांचा आग्रह आहे. चालतो आणि चालावं. एका ‘एस’च्या असण्या-नसण्यानं माहितीचा सल्ला होतो, आणि ते तिला मराठीतून क्षणात पटलं. आज्ञार्थ तर आमच्या ऑर्डर शीटवर सगळीकडे असतो: मॉनिटर, रिपीट, इन्फॉर्म, नुसतं मूळ रूप. संकेतार्थाला तुम्ही ‘पाऊस आला तर’ हे उदाहरण दिलं होतंत. पाऊस अजून यायचाय, तरी आपण ‘आला’ म्हणतो. ‘इफ ही वॉक्ट’मधला ‘वॉक्ट’ही तसाच, रूप भूतकाळाचं आणि गोष्ट मनातली. दोन इतक्या लांबच्या भाषांना हे एकच सुचावं, याचा मला आजही आनंद होतो.

बाई, तुम्ही माझ्या मराठीला कधी अडचण मानलं नाहीत. तिच्यावरच पाय रोवून मला पुढे नेलंत. तालुक्याच्या गावांतून दरवर्षी कितीतरी मुली नर्सिंगला येतात आणि पहिल्या वर्षी इंग्रजीच्या धास्तीनं रडतात. आमच्या हॉस्टेलवर आता संध्याकाळी मी अशा मुलींना शिकवते, तुमच्याच क्रमानं, आधी नियमित आणि मग बाकीची. तुमची ती जुनी वही झेरॉक्स करायला मिळाली, तर त्यांना फार उपयोग होईल. मनापासून, खूप खूप आभार.

तुमची विद्यार्थिनी