गोबीला निघालेल्या मनूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "सगळं ठीक आहे बाबा" म्हणतेस आणि विषय तिथंच मिटतो, म्हणून लिहायला बसलो. मार्चमध्ये तुला रात्री दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली, हे आम्हाला परवा कळलं. तेही तुझी मैत्रीण आईशी बोलता बोलता "आता दम लागत नाही ना तिला?" म्हणाली म्हणून. आई काही बोलली नाही. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या, मग तिनं सगळ्यांना भातच वाढला.

आणि पुढच्या आठवड्यात तू गोबीच्या वाळवंटात. या पत्रात धुळीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. तू यासाठी किती राबलीस ते मला माहीत आहे, आणि निघताना मागून हाक मारणारा बाप मला व्हायचं नाही.

गावात तुझं नाव झालंय. अप्पांनी पारावर विचारलं, "पोरगी कुठं निघाली?" म्हटलं, मंगोलियाला. "तिकडं काय पिकतं?" म्हटलं, डायनासोरांची हाडं. तेव्हा हसले, पण संध्याकाळी घरी आले आणि चहा दोनदा घेऊन बसले. त्यांना तू पाठवलेला तो लढाईचा फोटो दाखवला. १९७१ साली पोलंड आणि मंगोलियाच्या मोहिमेला गोबीतल्या तुग्रिकिन शिरेला मिळालेली दोन डायनासोरांची जोडी. वेलोसिरॅप्टरचा उजवा हात प्रोटोसेरॅटॉप्सच्या चोचीत गच्च धरलेला, आणि वेलोसिरॅप्टरच्या डाव्या पायाची वाकडी नखी प्रोटोसेरॅटॉप्सच्या गळ्याशी. साडेसात कोटी वर्षं दोघं तसेच. अप्पांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत बघितलं. म्हणाले, "मग एकानं तरी सोडायचं की. सुटले का नाहीत?" मी सांगायला तोंड उघडलं की वरून वाळू आली, आणि थांबलो. आई दारात उभी होती.

आता तू म्हणशील, बाबा, ती वाळू वादळाची नव्हे. तू मला समजावलं होतंस, आणि मी ते नीट वाचलंय. गोबीतल्याच उखा तोल्गोदला वाऱ्यानं रचलेल्या तिरप्या थरांमध्ये अशी अख्खी जनावरं मिळत नाहीत. मिळतात ती थर नसलेल्या वाळूत. म्हणजे जोराचा पाऊस झाला, टेकाडं भिजून जड झाली आणि घसरली. तुमच्या लोकांचं हे म्हणणं मला पटतं. पण वाऱ्यानं येवो नाहीतर पावसानं, नाकातोंडात जाते ती वाळूच. झालं, लिहायचं नाही म्हणून आलंच.

तुला आपलं कोंबड्यांचं दोन नंबरचं शेड आठवतं? पक्षी मेला की मी तो मागच्या कट्ट्यावर नेऊन उघडायचो, आणि तू शेजारी उकिडवी बसायचीस. आईला ते अजिबात पसंत नव्हतं. पोरीच्या जातीला हे काय दाखवता, असं आक्कासुद्धा म्हणायची. सीआरडीची, म्हणजे कोंबड्यांच्या श्वासाच्या रोगाची, साथ होती त्या हिवाळ्यात. छातीचं हाड उचललं की आत एअर सॅक, म्हणजे हवेची पिशवी दिसते. निरोगी पक्ष्याची ती साबणाच्या फुग्यासारखी असते, आहे की नाही तेच कळत नाही. आजारी पक्ष्याची मात्र ढगाळ आणि जाड, आत पिवळे घट्ट गोळे धरलेली. मी सुरीच्या टोकानं ती ताणून धरली आणि तू विचारलंस, "ह्यांचं फुप्फुस पोटात पण असतं का?" मी म्हटलं, ते डॉक्टरांना विचार. तू खरंच विचारलंस. लस द्यायला आलेल्या डॉक्टरांची गाडी तू अर्धा तास निघू दिली नव्हतीस.

आता तूच मला शिकवतेस. आपल्या छातीच्या भात्यात हवा जाते-येते ती एकाच वाटेनं. पक्ष्यांत हवा मागच्या पिशव्यांत जाते, तिथून फुप्फुसात, मग पुढच्या पिशव्यांत, मग बाहेर. आत घेतलेल्या हवेला पूर्ण फेरा मारायला दोन श्वास लागतात, आणि फुप्फुसातून ती कायम एकाच दिशेनं वाहते. इतकी वर्षं कोंबड्या पाळल्या, त्यांची धाप ऐकून रोग ओळखला, पण हे ठाऊक नव्हतं. आणि ही पिशव्यांची व्यवस्था पक्ष्यांच्याही आधीची, डायनासोरांतली, हे वाचलं तेव्हा मी वही मिटून शेडवर गेलो. त्यांच्या मणक्यांना भोकं, त्यातून पिशव्या हाडात शिरलेल्या. वेलोसिरॅप्टरच्या बरगड्यांवर मागं वळलेले हाडाचे आकडे, श्वास घेताना बरगड्या हलवायला मदत करणारे. कोंबडी सोलताना बरगडीला बोट लावून बघ म्हणालीस. लावलं. आहेत की आकडे! आजवर कितीतरी पक्षी या हातानं उघडले असतील.

असं छातीचं यंत्र त्यांना मिळालं आणि तुला मिळालं हे असं. म्हणून सांगतो, दम्याचा रोजचा पंप रोज घ्यायचा. बरं वाटतंय म्हणून सोडायचा नाही. बरं वाटतं ते त्याच्यामुळंच. तू दहावीला असंच केलं होतंस, मग मिरजेला काय झालं ते मी काढत नाही. तातडीचा पंप बॅगेच्या तळाशी नको, खिशात हवा. एक तंबूत, एक गाडीत. गाडीतला उन्हात तापत ठेवायचा नाही. हाडं झाडताना, त्यांना लावायचं प्लास्टर भिजवताना, तोंडावर तो नीट बसणारा मास्क हवा, नुसता रुमाल नव्हे. आणि दम लागला तर "पाच मिनिटांत थांबेल" असं करत बसायचं नाही. तुझ्या हट्टानं तिथं कुणाचं…

बघ, लसीकरणाच्या तक्त्यासारखं लिहायला लागलो. माफ कर. तीस वर्षांच्या बाईला, डॉक्टरेटच्या उंबऱ्यावरच्या, हे सांगायचं नसतं. पुसून टाकणार होतो, पण शाई आहे. वाचून सोडून दे. पंपाचं तेवढं ठेव.

दुसरं बोलतो. आईनं तुझा अंडीवाला डायनासोर फार मनावर घेतलाय. १९२३ ला अमेरिकेतल्या लोकांना गोबीतल्या बायनझागच्या त्या तांबड्या कड्यांत ओव्हिरॅप्टर मिळाला. खाली अंडी. लगेच आळ घेतला की प्रोटोसेरॅटॉप्सची अंडी चोरायला आला होता, आणि नावही 'अंडीचोर' अशा अर्थाचं ठेवलं. सत्तर वर्षं बिचारा चोर. १९९३ ला उखा तोल्गोदला तसल्याच अंड्यात पिल्लाची हाडं मिळाली, आणि ते पिल्लू त्याच्याच कुळातलं निघालं! तिथंच दुसरा एक त्याचा भाऊबंद घरट्यावर बसलेला मिळाला. पाय दुमडून मध्ये, हात दोन्ही बाजूंना पसरून अंडी झाकलेली. आईनं फोटो बघितला आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर खुडूक बसलीय." आपल्या पिंजऱ्यातल्या लेअर, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्या, सहसा खुडूक बसत नाहीत, तो गुणच त्यांच्यातून काढून टाकलाय. आईच्या डोळ्यापुढं आक्काची ती तांबडी गावठी असणार, जी पाटीखालून उठायचीच नाही आणि चोची मारायची. पावसात गोठ्याची भिंत पडली तेव्हाही उठली नव्हती. तू किती रडलीस.

मी आईला सांगितलं, काही लोकांच्या मते तो बाप असावा. २००८ साली तसा अभ्यास आला, अंडी फार आणि हाडांत अंडी घालणाऱ्या मादीची खूण नाही म्हणून. आई म्हणाली, बापाला एवढा वेळ कधी मिळाला? तुझ्या आईपुढं विज्ञान चालत नाही.

आमच्याकडे जो येतो तो 'जुरासिक पार्क' सिनेमातल्या रॅप्टरचं विचारतो. मला आता सांगायला मजा येते. म्हणतो, अहो, खरा वेलोसिरॅप्टर एवढा मोठा नव्हताच. शेपटीसकट दोन मीटर, वजन पंधरा-वीस किलो, आणि अंगावर पिसं. २००७ ला त्याच्या हाताच्या हाडावर ओळीनं सहा उंचवटे मिळाले, पक्ष्यांच्या हाडावर पिसांची मुळं जिथं घट्ट बसतात तसले. उडत नव्हता तरी पिसं होती. सिनेमातला तो मोठा, तो खरा डायनोनिकस या त्याच्या मोठ्या भाऊबंदाच्या मापाचा, १९६४ ला मोंटानात जॉन ऑस्ट्रम यांना मिळालेला. त्यांनी १९६९ ला त्याचं वर्णन छापलं. मग आर्किऑप्टेरिक्स या फार जुन्या पक्ष्याच्या हाताशी त्याचा हात ताडून पाहिला. मनगटातलं अर्धचंद्राकृती हाड दोघांना सारखं, ज्याच्यावर हात बाजूला दुमडतो. पंख मिटतात तेही याच हाडावर. मी अप्पांना कोंबडीचा पंख उघडमीट करून दाखवला. म्हणाले, "ही पोरगी शिकली आणि आम्हाला जेवण जाईना."

एक मात्र लोकांना समजावताना माझी गडबड होते. वेलोसिरॅप्टर हा कोंबडीचा खापरपणजोबा नव्हे. आर्किऑप्टेरिक्स पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे याच्या कितीतरी आधीचा. हे सगळे भाऊबंद. एका वाड्यातून निघालेले, कुणी रानात राहिले, कुणी आभाळात गेले. वाटण्या झाल्या त्यात उडणाऱ्यांचाच तेवढा वंश टिकला. बरोबर ना? चुकलं असेल तर लिही, पण रागावू नको.

चीनमधली ती लियाओनिंगची गोष्ट मला सगळ्यात आवडते, तुला माहीत आहे. १९९६ मध्ये एका शेतकऱ्याला दगड फोडताना मिळालं ते. सायनोसॉरॉप्टेरिक्स नावाचा डायनासोर. पाठीवरून शेपटीपर्यंत मऊ तंतूंची झालर. जगभरच्या प्रोफेसरांनी जे वर्षानुवर्षं वाद घालून ठरवलं नव्हतं, ते त्याच्या फावड्यापुढं आलं. शेतकऱ्याचं नाव कुणी घेत नाही फारसं. पुढं तू काही शोधलंस आणि तिथल्या धनगरानं आधी दाखवलं असेल, तर त्याचं नाव लिहायचं. हा उपदेश नाही, विनंती आहे. बरं, आहे उपदेश.

२००६ ची तुला आठवण असेल. नवापूरला बर्ड फ्लू आला आणि आपल्याकडे एकही पक्षी आजारी नसताना अंड्याला कुणी विचारेना. रात्री शेडमध्ये दिवे लावायचे की नाही यावर बापूकाकाशी भांडणं व्हायची. त्याच वर्षी तू निबंधात लिहिलंस की कोंबडी हा डायनासोर आहे, आणि बाईंनी लाल फुली मारली. ती वही कपाटात आहे. मी परवा काढून बघितली. फुलीवर तू पेन्सिलनं बारीक लिहिलंयस, "पण आहे." त्या वयात! मला वाटतं तुला पंप-बिंप काही शिकवायची गरज नाही, तू तुझं करशील. आणि लगेच वाटतं, हाच "पण आहे" मार्चमध्ये दवाखान्यात जायला उशीर करत होता.

भीती ही तुझ्या कामाची नाही, ते लक्षात घे. नखी, ऊन, परका मुलुख, कशाचीच नाही. आम्हाला न सांगण्याची आहे. तुला बरं नसेल आणि तू "ठीक आहे बाबा" म्हणशील, आणि मी इथं खाद्याची गोणी उतरवत असेन. आजारी पक्षी लपवतो, तुला ठाऊक आहे. कळपात बाकीच्यांसारखा उभा राहतो, दाणे टिपल्यासारखं करतो. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मी शेडमध्ये दिवे बंद करून कान देतो ते त्याच्यासाठीच, अंधारात घरघर ऐकू येते. उलानबातरहून फोनवर तेवढं ऐकू येईल का, कुणास ठाऊक.

आईनं मेतकूट आणि लसणाची चटणी वेगवेगळ्या डब्यांत दिलीय, निळा डबा परत आणायचा आहे. आक्काची अंगारा-पुडी पाकिटात आहे, ठेव गुपचूप. पैशाचं सांगत जा, अंड्याचा दर सध्या बरा आहे.

निघायच्या आधी तुमच्या कॅम्पच्या प्रमुखांचा आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर पाठव. आईला नको, मला पाठव. त्यांच्याशी इंग्रजीत मी बोलेन, तू मध्ये पडायचं नाही.

तुझा,
बाबा