‘२०–२’ म्हणजे वीस गोल नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या १९५१ च्या अपराजित फुटबॉल संघावर रविवार पुरवणीत आलेला मजकूर वाचला. विषय उत्तम निवडला आहे. मात्र शेवटचा सामना या संघाने ‘लोयोलावर (लॉस एंजेलिसच्या विद्यापीठावर) २० विरुद्ध २ गोलांनी’ जिंकला, हे वाक्य वाचून हसू आले. हा अमेरिकी फुटबॉल आहे. त्यात चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळतात आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. नाही जमले तर चेंडू सहसा समोरच्यांच्या ताब्यात जातो.

तेव्हाची गुणपद्धत अशी होती: टचडाऊनचे (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेल्याचे) ६, त्यानंतरची किक साधली तर १, मैदानी किकचे (खेळता खेळता चेंडू गोलखांबांमधून मारल्याचे) ३ आणि सेफ्टीचे २. चेंडू घेतलेल्या खेळाडूला त्याच्याच गोलरेषेमागे पाडले की बचाव करणाऱ्यांना सेफ्टी मिळते. टचडाऊननंतर दोन गुण घेण्याची सोय महाविद्यालयीन खेळात १९५८ मध्ये आली. म्हणजे १९५१ च्या गुणफलकावर नुसता ‘२’ दिसला तर त्याचा अर्थ एकच, सेफ्टी. लोयोलाला त्या दिवशी ना टचडाऊन मिळाले, ना साधी मैदानी किक साधता आली. ‘दोन गोल’ म्हटल्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या बचावाची ही करामतच झाकली जाते.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. हा सामना पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर झाला, म्हणून संघ ‘रोझ बोल खेळला’ असे लिहिले आहे. रोझ बोल हे स्टेडियमचे नाव आहे, तसेच दर नववर्षाला तिथे होणाऱ्या मानाच्या सामन्याचेही. लोयोलाशी झाला तो नोव्हेंबरातला, हंगामातला साधा सामना. मानाच्या सामन्याचा करार १९४६ च्या हंगामापासून बिग टेन आणि पॅसिफिक कोस्ट या विद्यापीठांच्या दोन गटांशी होता. कुठल्याच गटात नसलेल्या या संघाला ते दार बंदच होते.

राहिले हंगामाअखेरचे असेच मानाचे इतर ‘बोल’ सामने: ऑरेंज, शुगर, गेटर आणि कॉटन, म्हणजे मायामी, न्यू ऑर्लिन्स, जॅक्सनव्हिल आणि डॅलस. सगळी तेव्हा वर्णभेद पाळणाऱ्या अमेरिकी दक्षिणेतली शहरे. बाद फेरी, पात्रता गुण असले काही नव्हते. गावोगावच्या समित्या आपल्याला हवा तो संघ बोलवत. या संघात ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, आणि त्यांना घरी ठेवून जायला बाकीचे तयार नव्हते. आमंत्रण आले नाही. ‘प्रतिस्पर्धी दुबळे होते’ ही सबब तुमच्या लेखात जशीच्या तशी उतरली आहे. तिच्यात थोडे तथ्य आहे, कारण वेळापत्रकात लष्करी तळांचे संघही होते. पण न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२–२६ हरवले आणि कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७–१४ धुव्वा उडवला, तेही याच संघाने. आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांनी खेळणे अशक्य होते असेही नाही: १९४८ च्या कॉटन बोलमध्ये पेन स्टेटकडून दोन कृष्णवर्णीय खेळाडू खेळले होते.

मॅटसनचे आकडे लेखात नाहीत, ते द्यायला हवे होते. नऊ सामन्यांत चेंडू घेऊन धावत १,५६६ यार्ड, म्हणजे सामन्यामागे बरोबर १७४. धावून काढलेल्या यार्डांत आणि गुणांत तो देशात पहिला. फोर्डहॅमविरुद्ध सुरुवातीची किक झेलून त्याने दोनदा थेट टचडाऊन केले. तरी वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन करंडक गेला प्रिन्स्टनच्या डिक काझमायरकडे. संघ असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्थेच्या देशव्यापी क्रमवारीत चौदावा. ही अखेरची क्रमवारी तेव्हा नववर्षाच्या सामन्यांआधीच लागायची. त्यामुळे त्या वर्षी टेनेसी अव्वल ठरले आणि मग शुगर बोलमध्ये मेरीलँडकडून २८–१३ हरले, तरी पहिला नंबर टेनेसीचाच राहिला!

त्या हंगामानंतर विद्यापीठाने संघ ‘अपमानाच्या रागातून’ बंद केला, हे तुमचे म्हणणे मात्र पटत नाही. कारण पैशाचे होते. बदली खेळाडूंवरची बंधने सैल झाल्यापासून चढाईला एक आणि बचावाला दुसरी अशा दोन फळ्या ठेवायची रीत पडली होती. म्हणजे शिष्यवृत्त्या, साहित्य, प्रवास सगळेच वाढले. छोट्या जेझुइट विद्यापीठाला ते झेपेना. त्यात १९४६ पासून सॅन फ्रान्सिस्कोतल्या केझार स्टेडियमवर फोर्टी नाइनर्स हा व्यावसायिक संघ येऊन बसला, आणि त्याच शहरातले तिकीट घेणारे प्रेक्षक वाटले गेले. जवळच्या सेंट मेरीज विद्यालयाने आदल्याच हंगामानंतर संघ मोडला, सांता क्लाराने पुढच्या हंगामानंतर. मोठ्या बोल सामन्याच्या उत्पन्नाने थोडा टेकू मिळाला असता, एवढेच म्हणता येईल.

या संघातून पुढे मॅटसन, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचे कांस्य आणि रिलेचे रौप्यही मिळवले. टोलरचा गुडघा गेला, पण १९६५ मध्ये तो एनएफएलचा (अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा) पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. आणि विद्यापीठात संघाची प्रसिद्धी सांभाळणारा पीट रोझेल १९६० मध्ये त्याच एनएफएलचा आयुक्त. तुमच्या लेखात तो ‘सहायक प्रशिक्षक’ छापला आहे. प्रशिक्षक जो कुहारिक होता. दुरुस्ती छापाल तेव्हा हेही घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक