आमचा कर्नल का पडतो ते शोधून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. लातूरच्या आमच्या पॉलिटेक्निकमधल्या पोरांसाठी तुम्ही नेमकं काय केलंत, ते मला तपशिलासकट लिहून ठेवायचंय. स्वतः कंपाइल केलेला (सोर्स कोडपासून बनवलेला) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आतल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) पडतोय आणि कारण सापडत नाही, अशा कुणाच्या हाती हे पत्र पडलं तर त्यालाही उपयोग होईल.

आमच्या लॅबमधली मशिनं जुनी, चार जीबी रॅमची. पण प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) आहे आणि ती वापरणारं केव्हीएम तर २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, त्यामुळे क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर काम भागतं. पोरांनी कर्नल स्वतः कंपाइल करायचा, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायचा आणि त्यात ‘निरोप’ नावाचं एक छोटं ड्रायव्हर (कर्नलला जोडायचा कोड) जोडायचं, असं हे प्रॅक्टिकल. ड्रायव्हर आधीच्या एका बॅचकडून वारशानं आलेलं. कुणी निरोप लिहिला की ते लिंक्ड लिस्टमध्ये (एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या साखळीत) ठेवतं, वाचणाऱ्याला काढून देतं, आणि बराच वेळ कुणी वाचलाच नाही तर टायमर तो निरोप फेकून देतो. दिसायला साधं. पण तीन-चार प्रोग्रॅम एकदम वाचू-लिहू लागले की मशीन पडायचं. कधी दहा मिनिटांत, तर कधी दुपार सरली तरी नाही.

शेवटच्या ओळीत ‘फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट’ असं यायचं, म्हणून जो तो इंटरप्टच्या (चालू काम थांबवून प्रोसेसरला मध्येच दिलेल्या हाकेच्या) मागे लागलेला. कुणी म्हणालं, बूटच्या ओळीत (कर्नल सुरू होताना द्यायच्या सूचनांत) ‘नोएपीआयसी’ हा इंटरप्टचा पर्याय टाका. कुणी म्हणालं, क्यूएमू बदला. कुणी सांगितलं, कर्नलच जुना घ्या. प्रत्येक सल्ल्यापायी सगळं पुसून पुन्हा कंपाइल, आणि आमच्या मशिनवर एक पूर्ण कंपाइल म्हणजे अख्खी दुपार. मध्येच लाईट गेली तर तीही वाया. पोरं कंटाळली होती. "मॅडम, पुन्हा पडलंय की हो," हे वाक्य ऐकून ऐकून माझाही धीर सुटत चालला होता.

अशात वर्गातल्या एका मुलानं त्याच्या आतेबहिणीला, म्हणजे तुम्हाला, पुण्याला फोन लावला. तुम्ही उपाय सांगाल म्हणून आम्ही वही-पेन घेऊन बसलो होतो. तुम्ही उलट विचारलंत, "पडतं म्हणजे काय होतं? स्क्रीन गोठते, मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, की क्यूएमूची खिडकीच गायब होते?" आम्ही या तिन्हींना एकाच नावानं ओळखत होतो. खिडकी गायब होत असेल तर गेस्टच्या (आतल्या व्हर्च्युअल मशीनच्या) कर्नलचा दोष नसतोच बहुतेक. होस्टची (बाहेरच्या खऱ्या मशीनची) रॅम संपली म्हणून होस्टच्या कर्नलनं क्यूएमूलाच मारलेलं असतं, आणि ते होस्टच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फायलीत) ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून स्वच्छ लिहिलेलं असतं. दोन मशिनांवर खरोखर तेच निघालं. गेस्टला दिलेली रॅम कमी केली, ती दोन मशिनं त्या घटकेला यादीतून गेली. मुकाट रीस्टार्ट होणाऱ्यासाठी तुम्ही ‘नो-रीबूट’ हा पर्याय द्यायला लावलात, म्हणजे क्यूएमू रीस्टार्ट न करता तिथेच बंद होतो, आणि शेवटी छापलेल्या ओळींवर नव्या बूटच्या ओळी चढत नाहीत.

मग सीरिअल कन्सोल, म्हणजे कर्नलच्या ओळी सीरिअल पोर्टवर पाठवायची सोय. ताई, एवढी एकच गोष्ट तुम्ही सांगितली असती तरी मी हे पत्र लिहिलं असतं. पॅनिक झाल्यावर, म्हणजे कर्नल हात टेकून थांबल्यावर, खिडकीत दिसतात त्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळी. वरचं सगळं सरकून गेलेलं असतं आणि मागे जाताही येत नाही. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये (काय काय बसवायचं त्या यादीत) ८२५० सीरिअल कन्सोल मॉड्यूल (मागून लोड होणारा तुकडा) म्हणून न ठेवता थेट आत बसवायचा, बूटच्या ओळीत कन्सोल म्हणून टीटीवायएस-० (पहिला सीरिअल पोर्ट) द्यायचा, आणि क्यूएमूला सांगायचं की सीरिअल पोर्टवर येईल ते होस्टवरच्या फायलीत लिही. गेस्ट मेला तरी त्याचं बोलणं फायलीत शिल्लक. तुम्ही बजावलंत, "पूर्ण फाइल हाती येईपर्यंत मला फोटो पाठवू नका." तेव्हा मला ते जरा कडक वाटलं होतं.

मध्ये एकाच्या मशिनवर भलतंच झालं. कर्नल बूटच होईना, ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक (०,०)’ म्हणून थांबायचा. तुम्ही फोनवरच विचारलंत, त्याच्या वर जी पार्टिशनांची यादी छापलीय ती रिकामी आहे का? रिकामी होती. म्हणजे कर्नलला डिस्कच दिसत नव्हती. कंपाइल लवकर व्हावं म्हणून ‘लोकलमॉडकॉन्फिग’ होस्टवर चालवलेलं होतं. ते होस्टवर लोड झालेली मॉड्यूलं बघतं आणि बाकीची गाळतं; व्हर्च्युअल मशीनमधली डिस्क मात्र व्हर्टआयओची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच्या खास प्रकारची, आणि नेमका तोच ड्रायव्हर गळालेला. ‘केव्हीएम गेस्ट’ची तयार कॉन्फिग वर चढवली आणि सुटलं.

पण मूळचं पडणं तसंच होतं. येळवसीला (वेळ अमावास्येला) तुम्ही औशाकडे गावी आलात. दुसऱ्या दिवशी खरं तर आराम करायचा, पण तुम्ही सकाळच्या एसटीनं लातूरला आलात, सोबत भज्जीचा डबा आणि बाटलीत आंबील. पोरांनी लॉगच्या छापील प्रती काढून ठेवल्या होत्या. शेवटचं पान बघायचं नाही, असं म्हणून तुम्ही पहिलं पान मागितलंत, आणि प्रत्येक प्रतीत ‘टेंटेड’ (डागाळलेला) हा शब्द शोधायला लावलात. त्याच्या पुढे डी हे अक्षर असेल तर त्या कर्नलला आधीच एकदा उप्स (कर्नलच्या आतली गंभीर चूक) होऊन गेलेला असतो; तो अहवाल बाजूला ठेवायचा, कारण घर पडल्यावर उडालेल्या धुळीवरून भिंत का खचली ते कळत नाही. अशी पानं बाजूला केली, तर ढीग निम्म्याहून कमी झाला. आणि उरलेल्या सगळ्या पानांवर एकच आकडा.

ती दोन मिनिटं मला आयुष्यभर लक्षात राहतील. लाल पेननं तुम्ही त्या आकड्याभोवती गोल काढलात: हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) डीईएडी, मग शून्यांची रांग, शेवटी १०८. एक मुलगी पटकन म्हणाली, "ताई, ॲम्ब्युलन्सचा नंबर!" सगळे हसलो, तुम्हीही हसलात, आणि मग विचारलंत, "पण १०८ का? १०० का नाही?" कुणालाच येईना. तेव्हा तुम्ही फळ्यावर लिस्टची दोन घरं काढलीत, नेक्स्ट (पुढच्या नोंदीचा पत्ता) आणि प्रिव्ह (मागच्या नोंदीचा). लिस्टमधून एखादी नोंद काढली की कर्नल तिच्या नेक्स्टमध्ये मुद्दाम एक विषारी पत्ता लिहून ठेवतो, डीईएडीनं सुरू होणारा आणि १०० वर संपणारा. तीच नोंद कुणी दुसऱ्यांदा काढायला गेलं, तर कर्नल नेक्स्टच्या पत्त्यावर जाऊन तिथल्या प्रिव्हमध्ये लिहायला बघतो. प्रिव्ह हे दुसरं घर, आठ बाइट पुढे. १०० अधिक ८. हा पत्ता प्रोसेसरच्या नियमात बसतच नाही, म्हणून प्रोसेसर तिथेच जनरल प्रोटेक्शन फॉल्ट (नियमभंगाची चूक) देतो. एकच निरोप दोघांनी काढला होता, आणि लॉग पहिल्या दिवसापासून ते सांगत होता.

दोघं कोण, हेही कागदावरच होतं. काही प्रतींत कॉल ट्रेसमध्ये (कुठल्या फंक्शननं कुणाला बोलावलं त्या यादीत) वाचणाऱ्याचं फंक्शन, काहींत टायमरचं. टायमरचा कोड इंटरप्टच्या संदर्भात चालतो. तिथे फॉल्ट आला की कर्नलला पुढे जाताच येत नाही, म्हणून ते ‘फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट’. वाचणाऱ्या प्रोसेसमध्ये आला तर फक्त ती प्रोसेस मरते आणि मशीन लंगडत पुढे चालतं. आम्ही दोन वेगळे रोग समजत होतो, तो एकच होता.

तुम्ही मग एका सीपीयूवर चालवून बघायला लावलंत. पडणं जवळजवळ थांबलं. पोरं म्हणाली, सापडलं, एकच सीपीयू ठेवू. तुम्ही मान हलवलीत. एका सीपीयूवरही वाचणाऱ्याचं काम अर्धवट असताना टायमर मध्ये घुसू शकतो. फट बारीक झाली एवढंच, बुजलेली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. लक्षण दिसेनासं झालं म्हणून तिथे थांबायचं नाही, हे पोरांनी माझ्याकडून पुष्कळदा ऐकलंय. पण आवडती पळवाट हातात असताना ती कुणीतरी समोर नाकारताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी कॉन्फिगमध्ये ‘डीबग लिस्ट’ (लिस्ट बिघडली का ते तपासणारा पर्याय) चालू केलं. सगळं पुसू नका म्हणालात. मेक (कंपाइल करवून घेणारा प्रोग्रॅम) स्वतःच बघतो काय बदललंय ते, आणि तेवढंच पुन्हा कंपाइल करतो. पुढच्या पडण्यात कर्नलनं ‘लिस्ट डेल करप्शन’ असं नाव घेऊनच सांगितलं. मग केसॅन, मेमरीच्या वापरातल्या चुका पकडणारं. २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून कर्नलमध्ये असलेलं हे साधन आम्ही कधी वापरलंच नव्हतं. ते मेमरीचा आठवा हिस्सा स्वतःच्या हिशोबाला ठेवतं, म्हणून एक जीबीच्या गेस्टमध्ये १२८ एमबी त्यातच जातात, वेगही उतरतो. पण अहवाल काय देतं! ही मेमरी आत्ता कोणी वापरली, मुळात कोणी घेतली, आणि मध्ये कोणी सोडून दिली, तिन्हींचे कॉल ट्रेस. वापरली वाचणाऱ्यानं, घेतली लिहिणाऱ्यानं, सोडली टायमरनं. डीकोड स्टॅकट्रेसची स्क्रिप्ट चालवून फायलीतल्या ओळीपर्यंत गेलो. त्यासाठी त्याच बिल्डची व्हीएमलिनक्स फाइल (कंपाइल झालेला मूळ कर्नल) लागते. दुसऱ्या बिल्डची दिली तर ती बिनधास्त खोट्या ओळी दाखवते. प्रत्येक बिल्डच्या आवृत्तीला स्वतःची खूण जोडायची आणि व्हीएमलिनक्स त्याच नावाच्या फोल्डरमध्ये जपायची, ही सवय तुम्ही त्याच दुपारी लावलीत.

ओळ सापडली. निरोप आहे का, हे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेऊन बघितलेलं. मग लॉक सोडलेलं. आणि त्यानंतर निरोप लिस्टमधून काढलेला. त्या मधल्या फटीत टायमर. काढण्याची ओळ लॉकच्या आत न्यायची, एवढाच बदल. पण तुम्ही तिथेही थांबवलंत: साधं स्पिनलॉक घेऊ नका, त्या सीपीयूवर टायमरला तेवढा वेळ थांबवून ठेवणारं बीएच घ्या. टायमर त्याच सीपीयूवर मध्ये आला तर तो त्या लॉकची वाट बघत बसेल, आणि लॉक ज्याच्या हातात आहे तो पुढे सरकणारच नाही. हे फळ्यावर बाण काढून समजावताना तुमची आंबील तशीच राहिली होती.

बदल पोरांनीच टाइप केला, तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. संध्याकाळी चारही सीपीयू देऊन, केसॅन चालू ठेवून प्रोग्रॅम सोडला. रात्री लॅबच्या शिपाईकाकांनी चावी माझ्या घरी आणून दिली, तोवर चालू होता. सकाळीही चालू होता.

बायसेक्टबद्दल (दोष कुठल्या बदलानं आला ते अर्ध्यावर अर्धं करत शोधायच्या पद्धतीबद्दल) तुम्ही जाता जाता सांगितलंत तेही आम्ही आता वापरतो, पण तुम्ही म्हणालात त्याच क्रमानं. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून जास्त बदल असतात. अर्ध्यावर अर्धं करत गेलं तरी तेरा-चौदा वेळा कंपाइल करावं लागतं. आमच्या मशिनांना ते परवडणारं नाही. आधी लॉग, मग विचार, आणि खरंच जुनी आवृत्ती चांगली चालत असल्याची खात्री असेल तरच बायसेक्ट.

ताई, कामात मुरलेली माणसं डिप्लोमाच्या पोरांच्या प्रश्नाला बहुतेक एका ओळीत वाटेला लावतात. तुम्ही त्यांचा लॉग पहिल्या ओळीपासून वाचलात, चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलालाही "असं का वाटलं तुला?" असं विचारलंत, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबलात. तो मुलगा आता वर्गात कुणाचा कर्नल पडला की सगळ्यात आधी तिथे जाऊन बसतो. दुरुस्त केलेल्या ड्रायव्हरच्या नोंदीत पोरांनी तुमचं नाव घालायचं ठरवलं होतं. तुम्ही नको म्हणालात, म्हणून नाही घातलं. पण त्यांची इच्छा होती, हे तुम्हाला कळायला हवं.

सीरिअल कन्सोलची कॉन्फिग आता लॅबच्या प्रत्येक मशिनवर आहे. डबा मी धुऊन ठेवलाय, तुमच्या भावाच्या हाती पाठवते. आईंना माझा नमस्कार सांगा.

तुमची कृतज्ञ,
लॅबच्या मॅडम आणि सगळी पोरं, लातूर