आमच्या सुतारमामांना, घुबडाच्या पेटीबद्दल

मामा, नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सॲपवर फोटो तेवढे बघता आणि लांब मेसेज सोडून देता हे मला माहितीय, त्यामुळे हे नातवाकडून वाचून घ्या. आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण गोठ्यातल्या पेटीत गव्हाणी घुबडाची पिल्लं झाल्यापासून जो येतो तो माझं कौतुक करून जातो. पेटी कुणी केली हे कुणी विचारतच नाही. ते मला बरोबर वाटत नाही.

आमचं जुनं गुऱ्हाळघर पाडलं तेव्हा माळ्यावरची घुबडाची जोडी बेघर झाली. चुलवाण कधीच बंद पडलेलं, पण ती जोडी तिथेच राहायची, संध्याकाळ झाली की पांढरंशुभ्र काहीतरी उसावरून सरकत जायचं ते हेच. हे पाखरू काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. झाडाची ढोली, पडक्या वाड्याची भिंत, माळा असा आडोसा मिळाला की तिथेच नुसत्या तळावर अंडी घालतं. आता आमच्या पंचगंगेकाठी सगळीकडे स्लॅबची घरं झालीत, तिथे त्याला शिरायला फट कुठे आहे? म्हणून पेटी करायची ठरवली आणि मोबाईलवर काढलेलं चित्र घेऊन तुमच्याकडे आले.

दुसऱ्या एकाला आधी विचारलं होतं, तो म्हणाला ठोकून देतो खोका. तुम्ही आधी प्रश्न विचारले. पाखरू केवढं, पंख पसरले की केवढं, पिल्लं किती होतात, आत किती दिवस राहतात. मी सांगत गेले, उंची साधारण फूटभर, पंख पसरले की जवळपास तीन फूट, अंडी चार ते सात, महिनाभर उबवणं आणि मग दोन-दोन तीन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक पिल्लू बाहेर येतं, त्यामुळे थोरलं चांगलं वाढलेलं असतं तेव्हा धाकटं अजून कापसाएवढं असतं, आणि उडेपर्यंत दोन महिने तरी सगळी आतच. तुम्ही कानावरची पेन्सिल काढून तिथेच प्लायवर आकडे लिहायला लागलात. तळ दोन फूट बाय सव्वा फूट, दार पाच इंच चौकोनी.

आणि ते दार कुठे पाडायचं ही खरी गोष्ट होती. मी म्हटलं तळापासून दीड फूट वर, आणि कारण सांगायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "खाली ठिवलं तर पोरं पडत्यात की बाहीर." अगदी तेच. गव्हाणी घुबडाचं पिल्लू खाली पडलं तर आई-बाप बहुतेक वेळा त्याला जमिनीवर भरवत नाहीत, ते उपाशी मरतं. बाजारात दिसतात त्या कितीतरी पेट्यांना दार पार खाली असतं, दिसायला छान, पण पिल्लांचा जीव घेणारं. तुम्ही आतल्या बाजूला दाराखाली आडव्या पट्ट्या मारल्या, चढायला. बाहेर फळी दिली, तिला कड काढली, पंख फडफडवायला आलेलं पोर परत आत जाऊ शकेल अशी. हे माझ्या चित्रात नव्हतं मामा. हे तुमच्या डोक्यातून आलं.

आतून पॉलिश नाही, रंधाही नाही, नखं रुतली पाहिजेत म्हणून फळी खरबरीत ठेवली. वर हवेला भोकं, तळाला ओल निघून जायला भोकं, मागं साफसफाईचं मोठं दार, बिजागरी आणि कडी. बाहेरून फक्त अळशीचं तेल. दार पूर्वेला करा हेही तुम्हीच म्हणालात, आपल्याकडे पावसाचा झोत पश्चिमेकडनं येतो आणि दुपारचं ऊनही तिकडचंच.

बसवायच्या दिवशी शेजारच्या सेंट्रिंगवाल्या दादांनी शिडी आणि दोर दिला, त्यांचेही आभार. तेरा-चौदा फुटांवर गोठ्याच्या तुळईला पेटी चढली.

आता आज्जीचं सांगते. तिचा ठाम विरोध होता, घुबड घरावर ओरडलं की माणूस जातं, आणि हे पोरगी बोलावून आणतीय. घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. तुम्ही पेटी खाली ठेवून तिच्याजवळ ओट्यावर बसलात आणि म्हणालात, "आज्जी, लक्ष्मी ज्याच्यावर बसून येती ते पाखरू हाय हे. तुमच्या पोत्यातलं भात कोण खातंय, घूस का घुबड?" एवढंच. तिच्याशी वाद घातला नाहीत, तिला अडाणी ठरवलं नाहीत. आज्जीने चहा ठेवायला सांगितला तेव्हाच मला कळलं की काम झालं.

खरंच, आपल्याकडे उंदीर-घुशीचा ताप किती आहे ते काय सांगायचं. बांध पोखरतात, ऊस बुडाजवळ कुरतडला की आडवा होतो, आणि नदीचं पाणी रानात शिरलं की सगळी फौज घरात. 2019 ला आणि 2021 ला सगळ्यांनी बघितलंय. एक मोठं घुबड रात्रीत तीन-चार उंदीर खातं, पिल्लं असली की आई-बाप रात्रभर फेऱ्या मारतात. इस्रायलमध्ये 1980 च्या दशकापासून शेतकरी यासाठीच रानात पेट्या लावतात, मलेशियात पाम तेलाच्या बागांमध्येही लावतात. पण विषाचे केक टाकणं चालू राहिलं तर उपयोग नाही, विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावतो, आणि सुस्त उंदीर घुबडाला आधी सापडतो. तुमच्या भावकीत तुम्ही स्वतः फिरून हे सांगितलंत आणि गोठ्याच्या आसपासच्या रानात ते केक बंद झाले. हे मी सांगून कुणी ऐकलं नसतं.

तुम्हाला पीस दिलं होतं ते आठवतंय का? पेटीखाली पडलेलं, बदामी रंगाचं. तुम्ही त्याची पुढची कड अंगठ्यावरून फिरवलीत आणि परत फिरवलीत. तिथे बारीक फणीसारखे दाते असतात, हवा कापताना आवाज होत नाही तो त्यामुळे. तुम्ही म्हणालात, "असली कड मला जन्मात काढाय येणार न्हाई." आता ते तुमच्या हत्यारांच्या पेटीत आहे असं नातू सांगत होता.

आणि खाली पडलेल्या त्या काळ्या गोळ्या, उलटून टाकलेल्या, त्यातली एक परवा पेपरवर कोमट पाण्यात सोडवली. केस, फासळ्या, आणि उंदराच्या अख्ख्या कवट्या, पुढचे पिवळसर दात अजून घट्ट. एका गोळीत तीन निघाल्या. गल्लीतली पोरं शाळेला जायचं विसरून बघत बसली, आणि आज्जी सुद्धा चष्मा लावून.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. दिवाळीच्या अमावास्येला घुबडाचा जीव घेणारे लोक अजून आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, विकणं, मारणं गुन्हा आहे, तरी होतं. तुम्हीही कुणी अनोळखी विचारलं तर जागा सांगू नका.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत, बिजागऱ्या आणि स्क्रूचेच पैसे घेतलेत. "माझ्या रानातलं उंदीर बी तेच खातंय न्हवं, मजुरी कशाची?" म्हणालात. प्लायसुद्धा तुमच्याच कामातलं उरलेलं. तेव्हा मी गप्प बसले, पण आता वरच्या आळीतल्या दोघांना पेट्या पाहिजेत आणि त्यांना मी सांगून ठेवलंय की मामांची मजुरी पूर्ण द्यायची, आधी द्यायची, आणि दार तळापासून दीड फूट वर पाहिजे यावर घासाघीस चालणार नाही. तेवढं प्लाय बघून ठेवा, आणि रविवारी जेवायलाच या, आईने सांगितलंय. पेटी आता उघडायची नाही, सगळी पिल्लं उडून पेटी पूर्ण रिकामी झाली याची खात्री झाली की मग साफ करू, तेव्हा शिडी तुम्हीच धरायची.

तुमची,
गुऱ्हाळवाल्यांची थोरली