तारीख ठरली आहे

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर माझ्या ऑपरेशनचा विषय निघाला की आईला रडू येतं आणि बाबा "बरं, ठेव" म्हणतात, म्हणून लिहिते आहे. दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. दोन्ही ओव्हरी आणि नळ्या काढणार. विचारत नाही, सांगते आहे; रागावू नका.

मला कॅन्सर झालेला नाही, हे आधी नीट वाचा. रिपोर्टमध्ये बीआरसीए-२ जीनमध्ये दोष निघालाय. पेशीतला तुटलेला डीएनए दुरुस्त करणं हे त्या जीनचं काम. तो बिघडला की ओव्हरीचा कॅन्सर शंभरातल्या ११ ते २५ जणींना आयुष्यात कधीतरी होऊ शकतो. एरवी तो शंभरात एखादीला होतो. आणि तो लवकर पकडणारी खात्रीची तपासणी नाही. थोरल्या आत्याला कळलं तेव्हा पोटात पाणी झालं होतं, आठवतंय ना? मला ४१ वर्षं पूर्ण झाली, मुलंही मोठी झाली. थांबून काय करू? स्तनांसाठी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करत राहणार.

दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, एक-दोन दिवसांत घरी येईन. डब्याची आणि मुलांची सोय झाली आहे. पाळी एकदम जाईल, अंगातून वाफा येतील, हाडांकडे लक्ष द्यावं लागेल. आई, तुला उशाशी टेबलफॅन लागायचा तसा मलाही लागेल, एवढंच.

बाबा, "माझ्या घराण्यातून आलं" असं परत म्हणायचं नाही. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, त्यातली एकच मुलाकडे जाते. माझ्या वाट्याला ही बिघडलेली आली, दादाच्या वाट्याला कदाचित आली नसेल. यात तुमच्या हातात काय होतं? तुमच्या हातात मी कोल्हापूरच्या गंगावेशीतला दुधाचा पेला पाहिलाय. म्हशीच्या धारोष्ण दुधाची फेसाची मिशी तुम्ही शर्टाच्या बाहीनं पुसायचात आणि आईला सांगायचं नाही म्हणायचात. मला तुमच्याकडून आलंय ते हे.

आई, तुझ्या तांबड्या रश्श्यानं किंवा गुळानंही हे झालेलं नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं सॉसेज-बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक म्हणून नोंदवलं. मटण त्याच्या खालच्या, "बहुधा कॅन्सरकारक" या गटात आहे. तेव्हा रविवारचा रस्सा चालू दे, रोज नको. पण वजन उतरव. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन चरबीत तयार होतं, आणि त्यानं तुझ्या वयात स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. रंकाळ्यावर बाकावर बसायला जाऊ नकोस, चालायला जा.

आणि मिश्री. पहाटे चुलीवर तंबाखू भाजल्याचा वास मला अजून आवडतो, त्या वासानं मला जाग यायची. पण तोंडाच्या कॅन्सरला तंबाखू जाळूनच ओढायला हवी असं नाही, हिरड्यांवर घासलेलीही पुरते. माझ्या जीनचं मला काही करता येत नाही गं, तुझ्या डबीचं तुला करता येतं.

बाबा, तुम्ही रक्ताची जीन टेस्ट करा आणि पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणीसुद्धा. या दोषात पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. दादालाही पाठवा, त्याच्याशी मी बोलते, तुम्ही भांडू नका.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोघंही या. दुपारच्या गाडीनं, रात्रीच्या नको. चटणी आणा, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणा. डबी घरीच ठेव, आई.

तुमची,
बाळी