फाट्यावर उतरू नका, बाबा

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, नागपुरात आमच्याकडे होता तोवर तुम्ही दारूचं नावही काढलं नाही, आणि गावच्या फाट्यावर एसटीतून उतरल्याबरोबर जीव कासावीस झाला. "माझ्यातच दम नाही," असं तुम्ही आईला म्हणालात. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. दम तुमच्यात आहे, तो मी लहानपणापासून वावरात पाहिला आहे.

तलफ नुसती शरीरातून उठत नाही. वर्षानुवर्षं जिथं, ज्या वेळी, ज्यांच्यासोबत प्यालात, ते समोर आलं की मन आपोआप तिकडे ओढ घेतं. भट्टीचा वास, पानठेल्यावरचे सोबती, कापूस विकून खिशात आलेले पैसे, दिवेलागणीची वेळ. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे कितीतरी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. 1971 मध्ये परतलेल्या सैनिकांची पाहणी ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केली, तर घरी आल्यावर बहुतेकांचं व्यसन सुटलेलं निघालं. ती जागा, ते सोबती मागे राहिले होते. तुमचं उलट झालं, तुम्ही नागपूरहून थेट त्याच जागी परतलात.

बंदीनं थोडं साधतं, सगळं नाही. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून, तरी मोहाची चोरून गाळतातच. चंद्रपूरची 2015 ची बंदी तर 2021 मध्ये उठली. म्हणून आपली संध्याकाळ आपणच बदलू.

फाट्यावर उतरू नका, पुढच्या थांब्यावर उतरून शाळेकडून या. कापसाचे पैसे खात्यातच घ्या. दिवे लागले की गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला जा. पूर्वी खंजेरी तुमच्याच हातात असायची, मंडळी अजून तुमची आठवण काढतात.

आई, पव्व्याच्या रिकाम्या बाटल्या तू तेलासाठी ठेवल्या आहेत, त्या आधी टाकून दे. रिकामी बाटलीही नजरेला पडते. टोमणे मारू नको गं. आणि पिणं थांबल्यावर हात थरथरले, घाम फुटला, भ्रम झाला तर घरी वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या.

पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावात दारूचं काय चालतं, ते तुम्ही दोघंही जाणता. बैल पूजून झाले की त्याच रात्री निघा, जावई गाडी घेऊन येतील. तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैल तुम्हीच सजवायचा, असं त्यानं आत्ताच सांगून ठेवलं आहे.

तुमची,
लेक